मोटरवालं कार्पेट हेड: आधी काय बिघडतं आणि ते टिकवायचं कसं

कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनरच्या (लांब पाइपचं, चाकांवर मागे ओढत न्यायचं मशीन) कार्पेट हेडचा, म्हणजे गालिच्यासाठीच्या तोंडाचा, रोलर (फिरता ब्रश) फिरायचा थांबला की घरात एकच निदान होतं: मोटर गेली. हेड उघडून पाहिलं, तर मोटर बऱ्याचदा ठणठणीत असते. गेलेलं असतं ते रोलरच्या टोकाचं बेअरिंग, नाहीतर बेल्ट, नाहीतर हेडच्या मानेतून जाणारी वायर. ही तिन्ही कामं मोटरच्या तुलनेत स्वस्तातली आहेत. पण त्यांच्याकडे वेळीच पाहिलं नाही, तर शेवटी मोटरही जळते आणि हजारोंचा खर्च अंगावर येतो. या लेखात भर आहे तो या तीन जागांवरच.

आधी आपलं हेड कुठलं ते ओळखा

हेडची मान दांड्यातून काढा आणि तोंडाशी पाहा. हवेच्या मोठ्या भोकाशेजारी दोन छोट्या धातूच्या पिना किंवा त्यांच्यासाठी खाचा दिसल्या, तर ते विजेवर चालणारं पॉवर हेड. आत स्वतंत्र मोटर असते, साधारण १०० ते २५० वॅटची, आणि ती बेल्टच्या मदतीने रोलर फिरवते. पिना नसतील आणि तरी रोलर फिरत असेल, तर ते टर्बो हेड. त्यात पंख्याचं एक छोटं चक्र असतं आणि मशीनने ओढलेल्या हवेवरच ते फिरतं.

टिकण्याच्या दृष्टीने दोघांत मोठा फरक आहे. पॉवर हेडमध्ये कचरा मोटरजवळून जात नाही, तो वेगळ्या वाटेने मानेत शिरतो. टर्बो हेडमध्ये ओढलेला सगळा कचरा पंख्याच्या पात्यांतूनच जातो, त्यामुळे बारीक खडा किंवा शर्टाचं बटणसुद्धा पातं तोडू शकतं. शिवाय मशीनची पिशवी भरत आली की हवा कमी पडते आणि रोलर गालिच्यावर टेकवताच थांबतो. तो हेडचा बिघाड नव्हे. पिशवी बदला, फिल्टर झटका, मग पुन्हा पाहा. यापुढचं बहुतेक लिखाण पॉवर हेडबद्दल आहे. रोलर आणि बेअरिंगचा भाग मात्र टर्बो हेडलाही जसाच्या तसा लागू पडतो.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेली मशिन्स मुंबईत बरीच आहेत. ती १२० व्होल्टची असतात, आपल्याकडे २३० व्होल्ट. त्यांचं हेड आपल्या मशीनला किंवा आपलं हेड त्यांच्या मशीनला लावायचा प्रयत्न करू नका, पिना जुळल्या तरी. काही हेड्स तर मुख्य व्होल्टेजवर चालतच नाहीत, मशीनमधूनच त्यांना कमी डीसी व्होल्टेज येतं. हेडच्या तळाशी छापलेली पट्टी वाचा. १२० व्होल्टचं मशीन स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवायचं असेल, तर मशीन आणि हेडचे वॅट मिळवून हिशेब करा. १२ अँपिअर लिहिलेलं मशीन सुमारे १,४४० वॅट घेतं. त्याला १,५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर काठावर चालेल, २,००० व्हीएचा घ्यावा.

केस: हेडचा खरा शत्रू

रोलरच्या मधोमध गुंडाळलेले केस डोळ्यांना दिसतात, म्हणून सगळे तेवढेच काढतात. नुकसान करतात ते टोकाचे. रोलर फिरताना केस हळूहळू कडेकडे सरकतात, टोकाच्या टोपणाच्या आत शिरतात आणि दांडी व बेअरिंग यांच्यामधल्या फटीत घट्ट वळले जातात. टोपण काढून पाहिलं तर तिथे केसांची एक कडी सापडते: नाण्याच्या कडेएवढी जाड, करडी, धुळीने दाबली जाऊन नमद्यासारखी झालेली. नखाने सुटत नाही, कापावीच लागते. ही कडी बेअरिंगचं सील उचकटते, आतलं ग्रीस शोषून घेते आणि घर्षणाने तापते. बेअरिंग प्लास्टिकच्या घरात बसवलेलं असेल तर ते घर मऊ पडतं, रोलर तिरका होतो, बेल्ट एका कडेने घासू लागतो. बेल्ट तुटल्यावर माणूस बेल्ट बदलतो, महिन्याभरात तोही तुटतो आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडली जातात. महिन्यात दोनदा बेल्ट तुटला, तर दोष बेल्टचा नाही. रोलर हाताने फिरवून पाहा.

लांब केसांची माणसं किंवा कुत्रा-मांजर घरात असेल तर हे काम दर १५ दिवसांनी, नसेल तर महिन्यातून एकदा. लागणारी हत्यारं थोडी आहेत: फिलिप्स (चौफुली टोकाचा) आणि टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा) स्क्रू ड्रायव्हर, शिवणातले टाके उसवायचा छोटा कटर (दादरला शिवणसामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो), चिमटा, जुना टूथब्रश, टॉर्च.

१. प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण पॉवर हेडच्या पाइपमधून वीज वाहते.

२. हेड दांड्यापासून सोडवून वर्तमानपत्रावर उलटं ठेवा. खालची पट्टी स्क्रूने किंवा खटक्याने बसवलेली असते. लांब आणि आखूड स्क्रू वेगवेगळे ठेवा. आखूडच्या जागी लांब स्क्रू बसला तर तो आत घुसून बेल्टला घासतो.

३. रोलर काढण्याआधी बेल्ट कुठल्या बाजूने कसा बसलाय त्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

४. केस कापायचे ते रोलरच्या लांबीच्या दिशेने, ब्रशच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या खाचेतून. आडवं कापाल तर ब्रशचे तंतू जातील. कापून झालं की केसांचं पांघरूण चिमट्याने सालीसारखं ओढून काढा.

५. दोन्ही टोकांची टोपणं काढा. काही खेचून निघतात, काही फिरवून, काहींना स्क्रू असतो. आतली कडी कापून काढा आणि फट टूथब्रशने साफ करा. हीच पायरी सहसा गाळली जाते, आणि हेडचं आयुष्य ठरतं ते इथेच.

६. टोपण दोन बोटांत धरून रोलर फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं आणि हळूहळू थांबतं. बोटांना खरखर जाणवली, रेती चिरडल्यासारखा आवाज आला किंवा टोपण लटपटलं, तर बेअरिंग बदलायला झालं.

बेअरिंग बदलताना

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६०८ म्हणजे आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी. ६०७ चं माप ७, १९, ६; ६२६ चं ६, १९, ६; ६२५ चं ५, १६, ५. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) मोजा. नंबराच्या पुढची अक्षरंही पाहा: झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस म्हणजे रबरी सील. या कामासाठी टूआरएसच मागा. पत्र्याच्या झाकणाला आतल्या कडेशी बारीक फट असते आणि केसाला तेवढी पुरते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगच्या दुकानांत हे नंबर सहज मिळतात. जुनं बेअरिंग सोबत न्या आणि अगदी स्वस्तातलं बेनाव बेअरिंग घेऊ नका. दोन्हींच्या किमतीतला फरक चहा-वड्याएवढा असतो, आयुष्यातला फरक वर्षांचा.

बसवताना एक नियम पाळा. दांडीवर चढवताना जोर आतल्या कड्यावर द्यायचा, घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलटं केलं तर आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खाचा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. हातोडी नको. योग्य मापाचा बॉक्स पाना मध्ये धरून शिकंज्यात सावकाश दाबा.

तेलाबद्दल फार गैरसमज आहेत. सीलबंद बेअरिंगला तेल घालायचं नसतं. खोबरेल तर कुठेच नको: धूळ धरून त्याचा चिकट राळ होतो. गंज सोडवणारा स्प्रे आतलं ग्रीस धुऊन टाकतो. तुमच्या रोलरमध्ये बेअरिंगऐवजी पितळी रंगाची साधी बुश असेल, तर तिला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या आणि वर आलेलं पुसून घ्या.

बेल्ट

दातेरी बेल्ट निसटत नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं चालू शकतो. तो मरतो एका झटक्यात: रोलरमध्ये गालिच्याच्या दशा किंवा चार्जरची वायर अडकते आणि दाते सोलले जातात. सपाट रबरी बेल्ट मात्र ताणूनच काम करतो आणि दिवसेंदिवस सैल पडतो. त्याला सहा महिने ते वर्ष एवढं आयुष्य धरा. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, कडेला चिरा असतील, किंवा बेल्टच्या कप्प्यात काळी रबरी भुकटी साचली असेल, तर तुटायची वाट पाहू नका. नव्या बेल्टशेजारी ठेवून लांबी ताडून घेतली की शंका उरत नाही.

बेल्ट मॉडेल नंबर सांगूनच घ्या. नुसत्या गोलाईवरून घेतलेला दातेरी बेल्ट दात्यांच्या अंतरात अर्धा मिलिमीटर वेगळा निघाला, तरी काही तासांत दाते खातो. लांबी थोडी कमी असलेला सपाट बेल्ट घट्ट बसतो म्हणून बरा वाटतो, पण तो सतत ओढत राहून मोटरचं बेअरिंग खातो.

जळक्या रबराचा वास आला की हेड त्याच क्षणी बंद करायचं. रोलर अडकलेला असताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. हेडवर लाल किंवा पिवळं बटण असेल तर ते ओव्हरलोडचं. प्लग काढा, अडकलेलं सोडवा, अर्धा तास थंड होऊ द्या, मग बटण दाबा. बटण नसलेल्या हेडमध्ये हे संरक्षण बहुधा आतच असतं आणि मशीन बंद-चालू केल्यावर परत येतं. पुन्हा पुन्हा बटण दाबून काम रेटू नका. संरक्षण दर वेळी खरं कारण सांगत असतं.

मान, पाइप आणि पिना

हेड पुढे-मागे होताना मान प्रत्येक फेरीला वाकते आणि तिच्यातली वायर तिच्यासोबत. वरून आवरण शाबूत दिसतं, आत तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात. लक्षण ठरलेलं आहे: दांडा एका विशिष्ट कोनात धरला की रोलर फिरतो, जरा आडवा केला की थांबतो. पाइप हँडलजवळ हलवल्यावर असं होत असेल तर दोष पाइपमध्ये, मान हलवल्यावर होत असेल तर हेडमध्ये.

नक्की करायचं असेल तर प्लग काढून, पाइप मशीनपासूनही सोडवून मल्टिमीटर बझरवर लावा (तार सलग असेल तर मीटर आवाज करतो). पाइपच्या एका टोकाची पिन आणि दुसऱ्या टोकाची तीच पिन यांच्यात आवाज आला पाहिजे, आणि पाइप वाकवताना तो तुटता कामा नये. दोन वेगवेगळ्या पिनांमध्ये आवाज येता कामा नये. पाइपच्या दोन्ही टोकांचा पहिला १०-१५ सेंटिमीटर भाग नीट वाकवून पाहा, तुटतं ते तिथेच. थेट हेडच्या पिनांवर मोटर मोजायला जाल तर फसाल: बऱ्याच हेड्समध्ये मोटरच्या आधी रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असतो, त्यामुळे बझर गप्प राहिला म्हणून मोटर मेली असं होत नाही.

मानेतली वायर बदलणं जाणत्या इलेक्ट्रिशियनचं काम आहे, पण त्याला काय सांगायचं ते माहीत असू द्या. २०० वॅटच्या हेडला २३० व्होल्टवर १ अँपिअरही लागत नाही. म्हणजे जाड वायरची गरज नाही, लवचीक वायरची आहे: बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची, ०.५ किंवा ०.७५ चौरस मिमी. वाकणाऱ्या भागात जोड नको. तुटलेल्या जागी पीळ देऊन टेप गुंडाळली की तो फुगीर जोड मानेत घासतो आणि काही महिन्यांत तिथेच शॉर्ट होतो. पूर्ण तुकडा नवा घालून दोन्ही जोड हेडच्या आत स्थिर भागात घ्यावेत, सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी.

पाइपचं तसं नाही. अनेक पाइपांत वीज नेणारी तार म्हणजे पाइपच्या भिंतीतली गुंडाळी असते. ती उघडी पडली किंवा पाइपला चीर गेली, तर टेप लावू नका, पाइप बदला. त्यात २३० व्होल्ट असू शकतात.

पाइप किती काळ चालावा याचं एक माप युरोपीय संघाने घालून दिलं आहे. २०१३ च्या ६६६ क्रमांकाच्या नियमानुसार १ सप्टेंबर २०१७ पासून पाइपने ४०,००० वेळा वाकवल्यावरही वापरण्याजोगं राहिलं पाहिजे आणि मशीनच्या मोटरने किमान ५०० तास चाललं पाहिजे. घरी आठवड्याला ४० मिनिटं वापर धरला तर वर्षाचे सुमारे ३५ तास होतात, म्हणजे ५०० तासांना १४ वर्षं. बीकेसी किंवा नरिमन पॉइंटच्या ऑफिसात तेच मशीन रोज ३ तास चाललं, तर ५०० तास सहा-सात महिन्यांत संपतात. ऑफिसच्या कार्पेट टाइल्ससाठी घरगुती कॅनिस्टर घेऊ नये, त्यामागे हा हिशेब आहे. तिथे व्यावसायिक उभं मशीनच हवं.

पिनांचा त्रास मुंबईत जास्त. वरळी, माहीम, वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात पितळेच्या पिनांवर हिरवट थर चढतो. संपर्क अर्धवट झाला की तिथे बारीक ठिणग्या पडतात, पिन काळी होते, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडतं. दर दोन महिन्यांनी, पावसाळ्यात महिन्याला, सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच जोडा. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघाला की गंज जास्त वेगाने येतो. खाचेतली पत्ती सैल झाली असेल तर चिमट्याने किंचित आवळून घ्या. दांडा बसवताना खट्ट आवाज ऐकू आलाच पाहिजे. अर्धवट बसलेला दांडा हे पिना जळण्याचं सर्वांत साधं कारण आहे. मशीन दुसरं कोणी चालवत असेल, घरकामाला येणाऱ्या ताई असोत वा घरातली मुलं, तर हा खट्ट त्यांना एकदा ऐकवा.

चालवताना

टाइल आणि मार्बलवर रोलर बंद ठेवा. तिथे त्याचा उपयोग नसतो, ब्रश झिजतो आणि खड्याने मार्बलवर ओरखडे उठतात. ब्रश किती झिजलाय ते पाहायला हेड उलटं करून तळपट्टीवर फूटपट्टी आडवी ठेवा आणि रोलर हाताने फिरवा. तंतूंनी पट्टीला स्पर्श केला पाहिजे. करत नसतील तर रोलर किंवा ब्रशच्या पट्ट्या बदला.

जाड लवेच्या गालिच्यावर हेड ढकलायला जड जात असेल, तर जोर लावण्याऐवजी मशीनची ओढ कमी करा किंवा हँडलवरची हवेची खिडकी उघडा. ओढ जास्त झाली की हेड लवेत रुततं आणि सगळा भार बेल्टवर येतो. गालिच्याच्या दशांवरून रोलर कधीच नेऊ नका. मधून कडेकडे या, हातभर आधी रोलर बंद करा, दशा साध्या तोंडाने साफ करा. हाताने विणलेल्या गालिच्यावर लवेच्या दिशेनेच चालवा. लांब केसाळ रगवर पॉवर हेड नकोच.

गणपती किंवा दिवाळीनंतर गालिचा थेट पॉवर हेडने साफ करायला घेऊ नका. अक्षता, उदबत्तीची काडी, हाराचा दोरा आधी हाताने वेचा: तांदळाचा दाणा बेल्टच्या दात्यांत बसला की बेल्ट उडी मारतो, आणि हाराचा दोरा केसांपेक्षा वाईट वळतो. रांगोळी दगडाची पूड आहे, ती बेअरिंगमध्ये शिरली तर पॉलिश पेपरसारखं काम करते. ती रोलर बंद ठेवून, नुसत्या ओढीने काढा. गालिचा ओला किंवा नुसता दमट असला तरी थांबा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या.

ठेवताना हेड ब्रशवर टेकवून ठेवू नका, तंतू एका बाजूला वळून बसतात. मशीनच्या मागे हेड अडकवायची खाच असते, ती त्यासाठीच आहे. पावसाळ्यात माळ्यावर ठेवायचं असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीत ठेवा आणि १५ दिवसांतून एकदा खाली काढून दोन मिनिटं चालवा.

नवं घेताना दुकानात काय पाहायचं

हेड उलटं करायला सांगा. तळपट्टी साध्या स्क्रूने निघते का? रोलरची टोपणं सुटी होतात का? बेल्ट, रोलर आणि पाइप वेगळे विकत मिळतात का, आणि त्यांची किंमत काय? ही किंमत बिलाआधी विचारा. वॉरंटीच्या कागदावर हेडचा उल्लेख आहे की नुसत्या मशीनच्या मोटरचा, तेही वाचा. बेल्ट आणि ब्रश झिजणारे भाग म्हणून बहुधा वगळलेले असतात. जे हेड उघडताच येत नाही, ते कितीही शांत चाललं तरी केसांची पहिली घट्ट कडी झाली की त्याचं आयुष्य संपलं.

जुन्या हेडची मोटर खरोखरच जळली, तरी ते भंगारात देण्याआधी रोलर, टोपणं, चाकं, तळपट्टीचे स्क्रू आणि मानेचा सांधा काढून डब्यात ठेवा. त्याच मॉडेलचं दुसरं हेड घेतलंत, तर पुढे बाजारात सर्वांत आधी मिळेनासे होतात ते हेच तुकडे.